मायक्रो मोझेक शिकताय? आधी काचेची तार ओढा

रोमन मायक्रो मोझेकचे, म्हणजे काचेचे अगदी बारीक तुकडे जुळवून केलेल्या चित्रांचे दागिने शिकायचे असतील, तर सुरुवातीलाच पेंडंट करायला घेऊ नका. आधी काचेची तार ओढण्यात हात बसू द्या. १७७५च्या सुमारास जाकोमो राफाएल्लींसारख्या रोमन कारागिरांनी मोझेक दागिन्याएवढं लहान केलं, ते या तारांच्या, म्हणजे ‘स्माल्ती फिलाती’च्या जोरावर.

अपारदर्शक काच ज्योतीत मधासारखी मऊ झाली की बाहेर काढा, क्षणभर थांबा आणि मग एका लयीत ओढा. वेग वाढला की तार बारीक होते, कमी झाला की जाड. काच थिजेपर्यंत ताण सोडायचा नाही, नाहीतर तार वाकते आणि वाकडी तार काही कामाची नाही. दोन रंग एकत्र वितळवून मधली छटा काढताना दोन्ही काचांचं प्रसरण सारखं हवं, नाहीतर थंड होताना तडे जातात.

कानशीने बारीक ओरखडा काढून तार मोडा. तुकडे चिकटवण्याच्या थरात चिमट्याने उभे रोवायचे, कारण चित्रात दिसतं ते तुकड्याचं टोक. झटपट सुकणारा गोंद नवशिक्यांनी टाळावाच. जवसाच्या तेलातली पारंपरिक लांबी (पुटी) सावकाश सुकते, त्यामुळे चुकलेला तुकडा काढून पुन्हा बसवता येतो. ती पक्की झाल्यावर पृष्ठभाग घासून सपाट करतात आणि फटींत रंगीत मेण भरतात.

गॉगल कायम डोळ्यांवर असू द्या. टेबलावरच्या काचेच्या कपच्या फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.