बटेर पाळायचे आहेत? आधी पहिला आठवडा आणि मे महिना सांभाळा

मी नागपूरजवळ हिंगण्याकडे राहतो, घरामागे छोटी टिनाची शेड आहे, तिथे तीन वर्षांपासून बटेर पाळतोय. नवीन माणूस भेटला की पहिले विचारतो, भाऊ महिन्याला किती सुटतात? पण पिल्लंच जगली नाही तर सुटणार काय!

एक गोष्ट आधीच सांगतो, रानातली लाव्ही, म्हणजे जंगली बटेर, धरायची नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. पाळायची ती जपानी बटेर, हॅचरीतूनच घ्यायची आणि बिल जपून ठेवायचं.

पिल्लू येतं तेव्हा सात-आठ ग्रॅमचं असतं, अंगठ्याएवढं. मी पहिल्यांदा ५० आणली आणि कोंबडीच्या पिल्लांसारखं उथळ ताटलीत पाणी ठेवलं, सकाळी बघतो तर अकरा पिल्लं त्याच पाण्यात मेलेली. खूप वाईट वाटलं, दोन दिवस शेडकडे जावंसं वाटलं नाही. तेव्हापासून पाण्याच्या भांड्यात कंचे टाकतो, पिल्लू मधल्या फटीतून पाणी पितं पण बुडत नाही. खाली कागद टाकू नका, घसरून पाय फाकतात, गोणपाट टाका. ऊब पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय आणि चोच उघडी टाकून कडेला पळाली तर गरम होतंय. खाद्य ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, म्हणजे अगदी लहान पिल्लांचं पहिलं खाद्य, तेही मिक्सरमधून बारीक करून, कारण मोठा दाणा त्यांच्या चोचीत जातच नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर छाती बघा, नराची तांबूस असते आणि मादीची ठिपक्यांची. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरे, जास्त ठेवले तर माद्यांची डोकी सोलून काढतात. पिंजरा फूटभराच्या आतच उंच ठेवा, बटेर घाबरली की सरळ वर उडते आणि उंची मिळाली तर डोकं जोरात आपटतं.

आता आपला नागपूरचा मे. पारा ४५ च्या वर गेला की टिनाखाली बटेर टिकत नाही, मी टिनावर जाड तणस टाकतो आणि दुपारी दोनदा पाणी मारतो, खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावतो आणि खाद्य पहाटे आणि सूर्य मावळल्यावरच देतो. पहिली बॅच उन्हाळ्यात घेऊच नका, दिवाळीनंतर घ्या, म्हणजे हात बसेपर्यंत तुमच्याकडे चार महिने असतात. काही अडलं तर आपल्याकडेच व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथे जाऊन विचारायला लाजू नका.

सहा-सात आठवड्यांत माद्या अंडी द्यायला लागतात, दिवसाला १४ ते १६ तास उजेड मात्र मिळाला पाहिजे. कोंबडीसारखी सकाळी वाट बघत बसू नका, बटेर बहुतेक अंडी दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान घालते, म्हणून मी दिवेलागणीला टोपली घेऊन जातो, ती ठिपक्याठिपक्यांची कोमट अंडी हातात घेतली की दिवसभराचा शीण उतरतो.