हातानं शिवलेल्या बॅगेची वाट कशी बघावी

एकटा माणूस घरी बसून खांद्यावर तिरप्या घालायच्या छोट्या बॅगा शिवतो. नमुन्याचे फोटो टाकतो, खाली ‘लवकरच’ असं लिहितो आणि पुढे महिनाभर त्याचा पत्ता नसतो. इकडे ज्यांना ती बॅग हवी असते ते तोच फोटो मोठा करकरून बघत बसतात. मी दुरुस्तीचं शिवणकाम करते. तंबू, सॅक, खांद्यावरच्या बॅगा, जे फाटून येईल ते घेते. त्यामुळे अशा बॅगांची नव्याची नवलाई संपली की त्या माझ्या टेबलावर येतात. काही फाटून येतात, काही नुसत्याच येतात. चेन कोरी, पट्ट्याला घामाचा डाग नाही आणि म्हणणं एवढंच की ‘अंगावर नीट बसत नाही, काही करता येईल का?’ ती घ्यायच्या आधीही बसत नव्हतीच. बघितलं कोणी नव्हतं.

म्हणून तो मधला महिना कसा वापरायचा ते सांगते. अशा बॅगा मोजक्याच असतात आणि ठरलेल्या वेळी ऑनलाइन विक्रीला येतात. बॅग घ्यायची की नाही हे विक्री उघडण्याआधी पक्कं झालेलं हवं. विक्रीच्या दिवशी विचार करायला जागाच नसते, तेव्हा फक्त पैसे भरायचे असतात.

आधी पुठ्ठ्याची बॅग

बॅग शिवणारा मापं आधीच देतो. दिली नसतील तर तेवढं विचारून घ्या. समजा २४ बाय १६ बाय ६ सेंटिमीटर. गुणाकार २,३०४ घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन लिटरच्या थोडं वर. पण कोपरे गोल असतात, आत शिवणीची माया असते, अस्तर असतं. दोन लिटर धरून चला. जाहिरातीतल्या लिटरवर फार विसंबू नका. सॅकची क्षमता मोजायची एएसटीएम एफ२१५३ नावाची प्रमाण पद्धत आहे, तिच्यात २० मिलिमीटरचे प्लास्टिकचे गोळे भरून मोजतात. एकटा शिवणारा ते करत बसत नाही, तो फूटपट्टी लावतो आणि अंदाज सांगतो. त्यात लबाडी नाही, पण आकडा आपला आपण काढलेला बरा.

आता त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, चिकटपट्टीनं जोडलेला चालेल. वरच्या दोन कोपऱ्यांना जुन्या बॅगेचा पट्टा अडकवा. पट्टा साधारण तेवढ्याच रुंदीचा असू द्या, कारण २५ मिलिमीटरचा पट्टा आणि ३८ मिलिमीटरचा पट्टा खांद्याला अगदी वेगळे लागतात. आत खरं सामान भरा. फोन, किल्ल्या, पॉवर बँक, टॉर्च, पातळ जाकीट, पाणी. पाण्याशी बहुतेकांचं गाडं अडतं. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो आणि एक लिटरची रुंद तोंडाची नालजीन कंपनीची बाटली तर जवळजवळ ९ सेंटिमीटर जाड असते. ६ सेंटिमीटरच्या बॅगेत ती शिरणार नाही, फोटोत बॅग कितीही ऐसपैस दिसो.

खोका अडकवून दोन-तीन दिवस घरात आणि घराबाहेर वावरा. लोक बघतील, बघू द्यात. खाली वाकून बुटाची नाडी बांधा, खोका पुढे येऊन हनुवटीखाली लोंबतो का? सायकल चालवत असाल तर सायकलवर बसा. खोका पाठीवरून पोटावर घसरत असेल, तर तुम्हाला बगलेखालून जाणारा दुसरा बारीक पट्टा असलेली बॅग हवी. पाठीवर सॅक घेऊन वर ही बॅग घालणार असाल तर दोन्ही एकदम घाला. सॅकचा पट्टा आणि या बॅगेचं बक्कल दोन्ही गळ्याजवळच्या हाडावर एकावर एक आले की तासाभरात तिथे लाल होतं. पुढे तोच त्रास रोज होणार.

मग हात. तुम्ही बॅग कुठल्या कुशीला घेता आणि चेन कुठल्या हातानं उघडता? चेन बंद केल्यावर रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, पाठीकडे जात असेल तर उघडायला हात मागे वळवावा लागतो. पुढे येत असेल तर आंधळ्यानंही उघडता येते. पुठ्ठ्यावर पेननं चेन काढा आणि बोट फिरवून बघा. बघणाऱ्याला येडेपणा वाटेल, पण पट्टा उलट्या बाजूला लावून द्या म्हणत येणारे किती असतात ते मला माहीत आहे. तेही दरवेळी जमत नाही, कारण पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत दाबलेलं असतं.

हे सगळं करून खोक्याचा वैताग आला, तर सुटलात. वाट बघणं तिथेच संपलं, पैसेही वाचले.

कापड वाचायला शिका

तोवर वर्णनातल्या शब्दांचा अर्थ लावून ठेवा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ५०० डेनियरचा धागा १,००० डेनियरच्या निम्म्या वजनाचा. मोठा आकडा म्हणजे चांगली बॅग असं नाही. छातीवर किंवा कमरेला घासत राहणाऱ्या छोट्या बॅगेला १,००० डेनियरचं खरखरीत कापड असलं की शर्टावर गोळे धरतात. माझ्या मते खांद्याच्या बॅगेला ५०० भरपूर झालं. ‘कॉर्ड्युरा’ हे दणकट कापडाचं कंपनीचं नाव आहे, तेवढंच लिहिलं असेल तर आकडा विचारा. त्या नावाखाली जाड-पातळ सगळं विकलं जातं.

एक्स-पॅक हे शिडांच्या कापडाच्या घराण्यातलं. वर नायलॉन, मध्ये तिरप्या धाग्यांची जाळी आणि प्लास्टिकची पातळ फिल्म. पाणी अडवतं, आकार धरतं आणि नवं असताना कागदासारखं कुरकुरतं. पक्षी बघायला जाणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि कापडातून पाणी जात नाही म्हणजे बॅगेत पाणी जात नाही असं समजू नका. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक ही वाट असते आणि शिवणीला आतून पट्टी चिकटवलेली क्वचितच असते. चेनचंही तेच. वायकेके कंपनीची अ‍ॅक्वागार्ड चेन पाणी झटकते, पूर्ण रोखत नाही. मुसळधार पावसात फोन आत प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायचा.

चेनचा नंबरही बघा, नंबर मोठा तितके दात रुंद. ५ नंबर छोट्या बॅगेला बरा, मुख्य कप्पा ठासून भरायची सवय असेल तर ८ बरा. दुरुस्तीवाली म्हणून एक सांगते. गुंडाळीच्या नायलॉन दातांची चेन निकामी झाली की दहांतल्या आठ वेळा बिघाड रनरचा असतो आणि नुसता रनर बदलून काम होतं. म्हणून नेहमीच्या मापाची, नेहमीच्या कंपनीची चेन असलेली बॅग माझ्या लेखी जास्त टिकाऊ. ज्या चुंबकी बकलचा तुटलेला भाग सुटा मिळत नाही ते दिसायला कितीही झकास असो, मी दोन पावलं मागेच राहते.

फोटोत सगळ्यात आधी पट्ट्याचा सांधा शोधा. पट्टा बॅगेला जिथे मिळतो तिथे आडवे दाट टाके, बारटॅक म्हणतात ते, किंवा चौकोनात फुलीची टीप दिसायला हवी. नुसती एक सरळ टीप असेल तर ती बॅग आज ना उद्या माझ्याकडे येणार. मग आतला फोटो. कापडाच्या कडा पायपिंगनं, म्हणजे वरून गुंडाळून शिवलेल्या पट्टीनं, बंद केल्यात की उघड्या सोडल्यात? आतला फोटोच नसेल तर मागा. चांगला कारागीर तो आनंदानं पाठवतो, कारण त्याची खरी मेहनत तिथेच असते.

उशीर का होतो

हे कळलं की चिडचिड बरीच कमी होते. एक्स-पॅकसारख्या कापडाला टाचणी लावता येत नाही, भोक कायमचं राहतं. तुकडे क्लिपांनी धरायचे. टीप वाकडी गेली तर उसवून पुन्हा मारता येत नाही, जुन्या भोकांची रांग तशीच दिसते आणि तिथून कापड फाटतं. म्हणजे तो तुकडाच बाद. पुन्हा बेतायचा, पुन्हा कापायचा. गोल कोपऱ्यावर पायपिंग बसवताना कापडाचे दोन थर, अस्तर, चेनची पट्टी आणि वरची पायपिंग हे सगळं एकदम सुईखाली येतं. तिथे मशीन पायानं चालवायचं सोडून चाक हातानं फिरवत एकेक टाका घालावा लागतो. शिवाय रंगीत चेन आणि बक्कल थोडीथोडकी मिळत नाहीत. एका रंगाची चेन अडकली की पूर्ण खेप अडकते.

म्हणून ‘कधी येणार?’ असं विचारू नका. तारीख त्यालाही माहीत नसते आणि उत्तर लिहीपर्यंत तेवढं शिवण राहतं. विचारायचंच असेल तर सगळं एका निरोपात विचारा. उदाहरणार्थ: ‘पट्टा पूर्ण सैल केल्यावर टोकापासून टोकापर्यंत किती सेंटिमीटर भरतो? चेन बंद करताना रनर कुठल्या बाजूला जातो? मागच्या कप्प्यात १७ सेंटिमीटर लांबीचा फोन बसेल का?’ याला उत्तर मिळतं. बरेचदा उत्तराबरोबर फोटोही येतो.

विक्रीच्या दिवशी

वेळ नीट लावून घ्या. घोळ बहुतेक इथेच होतो. ‘सकाळी १० पीटी’ असं लिहिलेलं असतं आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची ती वेळ उन्हाळ्यात १७:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होते, हिवाळ्यात १८:००. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत युरोपात बसून मागवणाऱ्यांचा नेहमीचा हिशेब तासानं चुकतो. आधी यूटीसीत काढा, मग आपल्या वेळेत आणा आणि गजर लावा.

आदल्या दिवशी खातं उघडून पत्ता, पिनकोड, फोन नंबर भरून ठेवा. बॅग परदेशातून येणार असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का बघा, बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो जवळ ठेवा आणि सीमाशुल्क धरून एकूण किती जाईल ते आधीच मांडा. दुसऱ्या पसंतीचा रंगही ठरवून ठेवा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: बहुतेक दुकानांत वस्तू कार्टमध्ये टाकली म्हणजे ती तुमच्या नावानं राखून ठेवली जात नाही. पैसे भरले गेले की ती तुमची. तेव्हा कार्टमध्ये बॅग ठेवून आणखी एक किल्लीचा पट्टा घ्यावा का, असा विचार करू नका. आणि दुवा शिवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच उघडा. मागणी असलेल्या बॅगेच्या नावानं खोटी दुकानं निघायला वेळ लागत नाही.

नाही मिळाली तर? पहिल्या पंधरा दिवसांत चढ्या भावानं विकणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका. पुठ्ठ्याचा खोका न करता घेणारे बरेच असतात. महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या बॅगा कोऱ्याच्या कोऱ्या परत विक्रीला येतात, बहुतेक वेळा रास्त भावात. आणि पुढच्या खेपेची नोंद ठेवणारी यादी असेल तर तिच्यात नाव घाला. दुसरी खेप पहिल्यापेक्षा मला नेहमी जास्त आवडते, कारण पहिल्यातल्या खोडी शिवणाऱ्यानं तोवर काढलेल्या असतात.

हातात आल्यावर

परत करायची मुदत सुरू असतानाच हे करून घ्या. बॅग आतून उलटी करून कोपरे चाचपा. पायपिंगमधून कापडाची कड निसटलेली दिसली तर लगेच फोटो पाठवा. चेन कोपऱ्यावरून हळू फिरवा, अडकते का बघा. सुटा दोरा दिसला तर ओढू नका, कात्रीनं कापा. मग रोजच्या सामानाच्या दुप्पट वजन भरा, पट्ट्यावर बकलाच्या कडेला खडूनं रेघ मारा आणि बॅग रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी रेघ बकलापासून सरकलेली असेल तर पट्टा घसरतो, चालतानाही घसरणार.

चेनला तेल घालू नका, धूळ धरून बसते. मेणबत्ती फिरवली की पुरे. धुवायची वेळ आली तर कोमट पाण्यात हातानं धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. ओल राहिली की आतला पॉलियुरेथेनचा थर काही वर्षांनी चिकट होऊन सुटायला लागतो आणि त्यावर माझ्याकडेही इलाज नाही.

पट्ट्याचं लोंबणारं टोक मात्र लगेच कापू नका. थंडीत जाड जाकिटावरून बॅग घातली की तीच लांबी लागते. तोवर गुंडाळून रबरात अडकवा. सगळे ऋतू एकदा झाल्यावर कापायचंच असेल तर आधी हातभर लांबी शिल्लक ठेवा, मग कापा आणि कापलेली कड लायटरच्या आचेवर जरा वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटणार नाहीत.