प्लांटेड टँकसाठी स्टँड आणि कंट्रोलर घरी तयार करताना

पाणवनस्पतींची टाकी दिसायला शांत असते, पण तिच्यामागे प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि पाण्याचे अभिसरण या चार गोष्टी रोज ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रमाणात चालू राहाव्या लागतात. हे काम माणसाच्या आठवणीवर सोडले, तर आठवड्याभरात शेवाळ वाढू लागते. म्हणून अनेक जण हे सर्व आपोआप चालवणारा कंट्रोलर स्वतः बांधायचे ठरवतात आणि हाताशी आहे म्हणून स्टँडही स्वतःच करवून घेतात. दोन्ही कामे जमण्यासारखी आहेत. मात्र प्रत्येक भाग निवडताना एक प्रश्न आधी विचारावा: हा भाग बिघडला, तर टाकीतल्या जिवांचे आणि घरातल्या माणसांचे काय होईल? या मार्गदर्शनातील बहुतेक निर्णय याच प्रश्नाच्या उत्तरातून आलेले आहेत.

उदाहरणासाठी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी, १० मिलिमीटर काचेची टाकी घेऊ. बाहेरच्या मापाने ती सुमारे १८० लिटरची होते, पण काचेची जाडी, वरची मोकळी जागा आणि तळातील माती वजा केली तर प्रत्यक्षात १५० लिटरच्या आसपास पाणी असते. काचेचे वजन ४० किलो, ओली माती आणि दगड ३५ किलो, त्यात स्टँड आणि प्लायवूड मिळवले की एकूण भार २६० किलोच्या घरात जातो. तोही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे आरसीसी इमारतीत एवढी टाकी सहसा अडचणीची ठरत नाही. तरीही ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता, जिच्याखाली तुळई आहे अशा भिंतीलगत ठेवावी. जुन्या वाड्यातील लाकडी तुळया आणि पाटणीच्या मजल्यावर मात्र जाणकार अभियंत्याला विचारल्याशिवाय ती मुळीच मांडू नये.

स्टँडसाठी ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप घ्यावा. बाजारात तो २० फुटी लांबीत मिळतो आणि या मापाच्या स्टँडला दोन लांब्या पुरतात. ताकदीच्या हिशेबाने याहून बारीक पाइपही चालला असता, परंतु बारीक पाइपाचा स्टँड वजनाने मोडत नाही, तर बाजूला हलतो, आणि काचेच्या सिलिकॉन जोडांना तेच सर्वांत घातक असते. फॅब्रिकेशनच्या दुकानात आराखडा देताना एक गोष्ट आवर्जून लिहून द्यावी: वरची चौकट चारही पायांच्या माथ्यावर बसली पाहिजे. चौकटीचे पाइप पायांच्या मध्ये अडकवून वेल्ड केले, तर सगळा भार वेल्डवर लोंबतो. चौकट माथ्यावर असली, तर भार लोखंडातून सरळ जमिनीत उतरतो आणि वेल्ड केवळ जागा धरून ठेवतो. वेल्ड कच्चा राहिला तरी टाकी खाली येणार नाही, अशी ही रचना आहे. वरच्या चौकटीत दोन आडवे पाइप आणि मागच्या बाजूला एक तिरका पाइप घालावा. तिरका पाइप घातला नाही, तर स्टँड डावी-उजवीकडे डोलतो.

वेल्डिंग पूर्ण करण्यापूर्वी, म्हणजे केवळ टाके (कोपऱ्यांवर वेल्डचे छोटे ठिपके) मारून झाल्यावर, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ९०० आणि ४५० मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण १००६ मिलिमीटर येतो. दोन्ही कर्णांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. टाक्यांच्या वेळी ती हातोडीच्या दोन ठोक्यांत सरळ होते, पूर्ण वेल्ड झाल्यावर होत नाही. त्यानंतर वेल्ड घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर दोन हात एनॅमल रंग द्यावा. पाइपांची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत, कारण आतून चढणारा गंज बाहेरून दिसत नाही.

चौकटीवर १८ मिलिमीटरचे, आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड बसवावे आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने पूर्ण बंद कराव्यात, कारण प्लायवूडमध्ये पाणी शिरते ते कडेतून. त्यावर १२ मिलिमीटरचा थर्मोकोल किंवा फोमची चटई घालावी. टाकी ठेवण्यापूर्वी थर्मोकोलवरून आणि टाकीच्या तळावरून उघडा तळहात सावकाश फिरवावा. हे काम कापडाने करू नये, हातानेच करावे. वाळूचा एक कण किंवा वेल्डिंगचा एक शिंतोडा डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लागतो. आणि तोच कण दीडशे लिटर पाण्याखाली काचेला तडा द्यायला पुरेसा असतो.

सपाटी पाहण्यासाठी पाणसळ वापरावी. ती हाताशी नसेल, तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी तितकेच अचूक काम करते. फरशी बहुधा किंचित उताराची असतेच, म्हणून पायांना फिरवून उंची बदलता येईल असे बूट बसवून घ्यावेत. टाकी एक तृतीयांश भरून एक दिवस थांबावे, सर्व बाजूंनी पाण्याची पातळी काठापासून मोजावी आणि मगच पुढचे पाणी भरावे. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकण्याचा प्रयत्न करू नये.

आता कंट्रोलर. त्याच्या मेंदूसाठी अर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड पुरेसा आहे. ईएसपी३२ हा अधिक ताकदीचा आणि वायफाय असलेला बोर्ड आहे, पण त्याचे संकेत ३.३ व्होल्टचे असल्याने ५ व्होल्टचे अनेक रिले (छोट्या संकेताने चालणारा स्विच) बोर्ड त्याच्याशी नीट जुळत नाहीत, आणि टाकीचे रोजचे काम इंटरनेटवर अवलंबून ठेवण्याची काहीच गरज नसते. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सर्व सुटे भाग मिळतात.

वेळ राखण्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळ घ्यावे. त्याची चूक दहा लाखांत दोन भाग इतकी, म्हणजे वर्षाला एखादा मिनिट असते, आणि वीज गेली तरी ते बटन सेलवर चालत राहते. यात एक धोका दडलेला आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या बोर्डावर सेल चार्ज करणारे सर्किट असते आणि आपण मात्र त्यात चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल घालतो. तसा सेल सतत चार्ज होत राहिल्यास फुगू किंवा गळू शकतो, म्हणून चार्जिंगच्या वाटेवरील २०० ओमचा छोटा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढून टाकावा.

घरातील २३० व्होल्टचा प्रवाह कंट्रोलरच्या पेटीत शक्य तितक्या कमी ठिकाणी यावा, असा माझा आग्रह आहे. दिवे, पंखे आणि कार्बन डायऑक्साइडची सोलेनॉइड झडप (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) ही तिन्ही उपकरणे १२ व्होल्टची मिळतात. मग उरतो तो फक्त हीटर, आणि तो रिलेवरून चालवायचा. दिव्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या ३६ वॉटच्या एलईडी पट्ट्या या टाकीला पुरतात आणि १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा वीजपुरवठा) पंख्यांसह हा भार आरामात वाहतो. प्रत्येक उपकरणाच्या ऋण बाजूला आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट (संकेतावर उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडावा. नावातील एल हे अक्षर पाहूनच घ्यावा, कारण आयआरएफझेड४४एन हा त्याचा भाऊ ५ व्होल्टच्या संकेताला पूर्ण उघडत नाही आणि तापतो. मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे संकेत घेणाऱ्या पायाला, नॅनोकडून २२० ओमचा रेझिस्टर आणि गेटपासून ऋण तारेला १० किलो-ओमचा रेझिस्टर जोडावा. या दुसऱ्या रेझिस्टरमुळे नॅनो बंद असताना उपकरणही बंदच राहते. पंखे आणि झडप यांना समांतर उलटा १एन४००७ डायोड लावावा, नाहीतर बंद होताना उसळणारा विद्युतदाब मॉस्फेट जाळतो.

सर्व जोडण्या छिद्रांच्या बोर्डावर सोल्डर कराव्यात. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायचा बोर्ड) चाचणीपुरता चांगला असतो, पण टाकीजवळच्या दमट हवेत त्याच्या पकडी काही महिन्यांत काळ्या पडतात.

तापमानासाठी स्टीलच्या नळीतील डीएस१८बी२० हा सेन्सर वापरावा आणि त्याच्या संकेताच्या तारेला ४.७ किलो-ओमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे जोडावा. या सेन्सरने मला जे शिकवले, ते इथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. जानेवारीतल्या एका रात्री त्याची तार सोल्डरपाशी तुटली. तुटलेल्या सेन्सरसाठी प्रचलित लायब्ररी (सेन्सर वाचण्याचा तयार कोड) उणे १२७ हा आकडा देते, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये एवढेच लिहिले होते की तापमान २४ अंशांच्या खाली असेल तर हीटर लावावा. उणे १२७ हे २४ पेक्षा कमीच असते. सकाळी पाणी ३४ अंशांवर होते, आणि दोन वर्षे वाढवलेली चेरी कोळंब्यांची सगळी वसाहत तळाशी पडली होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पहिली अट हीच असते: वाचन १५ ते ३८ अंशांच्या बाहेर असेल, तर हीटर बंद करून बझर वाजवावा. नेमके ८५ हे वाचनही याच अटीत अडते. सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप पूर्ण होण्याआधी तो तेच दाखवतो.

प्रोग्रॅममधली अट कितीही चांगली असली, तरी रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून आणखी दोन उपाय आवश्यक आहेत. एक, स्वतःचा थर्मोस्टॅट असलेलाच हीटर घ्यावा आणि तो कंट्रोलरपेक्षा दोन अंश वर, म्हणजे २६ वर लावून ठेवावा. दुसरा, हीटर मोठा घेऊ नये. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्याच्या रात्रीही घरात फार थंडी नसते, तिथे या टाकीला १०० वॉट पुरतात, आणि तेवढा हीटर अडकून चालू राहिला तरी पाणी तापायला वेळ लागतो; बझर ऐकून धावून येण्याइतका अवधी मिळतो. त्या रात्री माझ्या टाकीत ३०० वॉटचा हीटर होता आणि त्याचा थर्मोस्टॅट मी ३४ वर ठेवला होता.

रिले बोर्ड बहुधा संकेत शून्य झाल्यावर चालू होणारे असतात. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पिनला आधी हाय स्थिती द्यावी आणि मगच ती आउटपुट म्हणून जाहीर करावी. क्रम उलटा झाला, तर वीज आल्यावर प्रत्येक वेळी रिले क्षणभर खटकतो. पंख्यांसाठी चालू आणि बंद होण्याचे आकडे वेगळे ठेवावेत, उदाहरणार्थ २८.५ ला चालू आणि २७.५ ला बंद. पाण्यावरून वाहणारी हवा बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरवते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम चालतो, कोकणच्या दमट हवेत त्याचा गुण कमी येतो. पाणी मात्र रोज आटते आणि वरून भरावे लागते.

दिवे सुरुवातीचे काही आठवडे सहाच तास ठेवावेत आणि झाडे रुजल्यावर आठ तासांपर्यंत न्यावेत. सकाळी अर्ध्या तासात प्रकाश हळूहळू चढवला, तर मासे बिचकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड वायू दिव्यांच्या तासभर आधी सुरू करून दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा, कारण अंधारात वनस्पती तो वापरत नाहीत. प्रमाण ड्रॉप चेकरवरून, म्हणजे पाण्यातील वायूनुसार रंग बदलणाऱ्या द्रावणाच्या छोट्या कुपीवरून, ठरवावे. त्यात ४ डीकेएच (कार्बोनेट कठीणतेचे एकक) कठीणतेचे द्रावण असेल, तर हिरवा रंग साधारण ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग) दाखवतो आणि पिवळा रंग धोका. हा रंग दीड-दोन तासांच्या विलंबाने बदलतो, म्हणून वायूचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या सुईझडपेला एका दिवसात एकदाच आणि थोडासाच हात लावावा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर रंगाची वाट न पाहता वायू बंद करून पृष्ठभाग ढवळावा.

सोलेनॉइड झडप वीज नसताना बंद राहणारीच घ्यावी, म्हणजे वीज गेली की वायूही थांबतो. मात्र मॉस्फेट बिघडतो तो बहुधा शॉर्ट होऊन, आणि तसे झाले तर झडप रात्रभर उघडी राहील. यासाठी झडपेचा १२ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा ठेवून तो बॅटरी असलेल्या डिजिटल टायमर-प्लगमध्ये लावावा आणि फक्त ऋण तार कंट्रोलरशी सामाईक करावी. टायमर आणि कंट्रोलर दोघांनीही परवानगी दिली, तरच झडप उघडते. सिलिंडर उभाच ठेवून स्टँडला पट्ट्याने बांधावा.

फिल्टर कंट्रोलरला जोडूच नये. तो थेट सॉकेटवर, शक्य असल्यास इन्व्हर्टरच्या सॉकेटवर असावा, कारण त्यातील उपयुक्त जिवाणूंना वाहत्या पाण्यातून अखंड प्राणवायू लागतो.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. संपूर्ण मांडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) असावी, लोखंडी स्टँडला अर्थिंगची तार जोडावी, हीटरच्या वाटेवर फ्यूज असावा आणि पेटीत २३० व्होल्टच्या तारा कमी दाबाच्या तारांपासून पार्टिशनने वेगळ्या ठेवाव्यात. पेटी आयपी६५ दर्जाची (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित), केबल ग्लँड (केबल आत घेण्याची घट्ट तोंडे) खालच्या बाजूला असलेली घ्यावी आणि टाकीच्या थेट खाली न ठेवता शेजारच्या भिंतीवर लावावी. टाकीकडून येणारी प्रत्येक केबल सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या टोकाशी थेंब होऊन गळते, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

मासे सोडण्यापूर्वी किमान एक आठवडा कंट्रोलर केवळ पाणी आणि वनस्पतींवर चालवावा. त्या काळात मुद्दाम सेन्सरची तार सोडवून पाहावी, मुख्य स्विच दहा-बारा वेळा बंद-चालू करावा, घड्याळाचा सेल काढून वेळ चुकवावी आणि प्रत्येक वेळी हीटर व झडप बंद स्थितीतच येतात की नाही, याची वहीत नोंद करावी. ज्या चाचणीत यातील एकही उपकरण चालू राहिले, तिच्यातला दोष दुरुस्त करून पूर्ण आठवडा पुन्हा मोजायला सुरुवात करावी.