कागद तुटतोय म्हणून लगेच व्हॅक्यूम वाढवू नका: वायरवर पाणी काढताना या चुका टाळा

कागदाच्या मशीनवर वायर म्हणजे लगद्याचं पाणी गाळणारी फिरती जाळी, आणि काउच म्हणजे तिच्या शेवटचा पाणी ओढणारा रोल. रात्री दोन-अडीचला काउचवरून कागद तुटला की मशीनवर पहिली आरोळी ठरलेली, "व्हॅक्यूम वाढव रे!" जळगावकडच्या क्राफ्ट (पेट्यांच्या कागदाच्या) मशीनवर मी बरीच वर्षं वायरजवळच काढली, आधी हेल्पर, मग मशीनमन, मग शिफ्ट सांभाळली, आणि ही आरोळी मी पण मारलीय. कधीकधी काम होतं. पण बहुतेक वेळा अर्ध्या तासाने कागद परत तुटतो, वायर ड्राइव्हचे (वायर फिरवणाऱ्या मोटारचे) अँपिअर चढलेले असतात, आणि मूळ बिघाड कुठे होता ते पण कळत नाही कारण तोपर्यंत घाईघाईत तीन व्हॉल्व्ह फिरवून झालेले असतात. नवीन पोरं मशीनवर येतात त्यांना हे कोणी नीट बसवून सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आधी पाण्याचा हिशोब बघा, तो डोक्यात बसला की निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. समजा १०० ग्रॅमचा (चौरस मीटरला) कागद आहे आणि हेडबॉक्समध्ये, म्हणजे पातळ लगदा वायरवर सोडणाऱ्या पेटीत, माल ०.५ टक्के आहे. म्हणजे एक चौरस मीटर कागदासाठी वायरवर २० किलो माल पडतो, त्यात धागा फक्त १०० ग्रॅम. काउचवरून कागद २० टक्के सुका होऊन निघाला तर त्याचं वजन ५०० ग्रॅम, त्यात पाणी ४०० ग्रॅम. म्हणजे साडेएकोणीस लिटर पाणी वायरने काढलं, आणि ३०० मीटरच्या स्पीडला दहा-पंधरा मीटरची टेबल (वायरचा पाणी गाळणारा सपाट भाग) असेल तर दोन-तीन सेकंदात काढलं! पुढे प्रेस (कागद पिळणारे रोल) ४२ टक्क्यांपर्यंत नेते तेव्हा पाणी १३८ ग्रॅम उरतं, आणि ते वाफ जाळून ड्रायरला उडवावं लागतं. प्रेसनंतर सुकेपणा एक टक्का घटला तर ड्रायरवर चार टक्क्यांच्या वर जास्त पाणी जातं, हे याच आकड्यांवरून मांडून बघा.

सुरुवातीलाच पाणी ओढणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच निघतात.

घरी चक्का बांधतात ना, दही फडक्यात घालून टांगून ठेवतात. टांगल्या टांगल्या कोणी फडकं पिळलं तर काय होतं, दही फडक्यातून बाहेर येतं, विणीत बसतं, आणि नंतर कितीही वेळ टांगा, पाणी गळायचं थांबलेलं असतं. वायरवर अगदी हेच होतं. पहिले धागे वायरवर पडतात त्यांचा एक पातळ थर होतो, आणि पुढचं सगळं पाणी त्या थरातूनच गाळून जायचं असतं, म्हणजे खरी चाळणी वायर नाही, तो थर आहे. तो थर मोकळा बसला तर पाणी जातं. पहिल्याच मीटरला जोरात ओढलं तर बारीक धागे आणि फिलर (कागदातली खनिज भुकटी) वायरच्या अंगाला येऊन घट्ट बसतात, काही खाली बॅक वॉटरमध्ये (वायरखाली गळालेल्या पाण्यात) निघून जातात, आणि थर बंद होतो. मग तुम्ही पुढे सक्शन बॉक्सवर (वायरखालून पाणी ओढणाऱ्या पेट्यांवर) कितीही व्हॅक्यूम द्या, वरचं पाणी वरच राहतं. कागद काउचवर ओला येतो, आपण म्हणतो व्हॅक्यूम कमी पडतोय, अजून वाढवतो.

आमच्या मशीनवर एक म्हातारे मशीनमन होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे, ते अहिराणीत सांगायचे, "पानीले वाट दे रे भो, वढू नको." मला फॉइलचं गणित पुस्तकातून नंतर कळलं, हे आधी कळलं होतं.

आता हे प्रत्यक्षात कुठे करायचं ते सांगतो. फॉइल म्हणजे वायरखालची आडवी पट्टी, ती मागच्या बाजूला थोडी उतरती असते, वायर तिच्यावरून सरकली की त्या उतारात व्हॅक्यूम तयार होतो आणि पाणी ओढलं जातं. उतार जास्त म्हणजे ओढ जास्त. म्हणून फॉर्मिंग बोर्डनंतरच्या (माल पडतो तिथल्या वायरखालच्या आधारानंतरच्या) पहिल्या फॉइल अर्ध्या ते एक अंशाच्या ठेवायच्या, आणि पुढे पुढे दोन-तीन अंशांकडे जायचं. मी असं पाहिलंय की एका शटडाउनला पट्ट्या धुवायला काढल्या आणि परत बसवताना कोणी नंबर बघितला नाही, तीन अंशाची पट्टी पहिल्या बॉक्सवर आली. सिरॅमिक पट्ट्या सगळ्या सारख्याच दिसतात ना. दोन दिवस सगळे पल्प, केमिकल, प्रेस बघत बसले. तेव्हापासून पट्टी काढायच्या आधी तिच्या बाजूला मार्करने बॉक्स नंबर आणि अंश लिहायचा, ही सवय मी सोडली नाही.

सक्शन बॉक्सचं पण तेच, पहिल्यावर सगळ्यात कमी, मग चढत चढत शेवटच्यावर जास्त आणि सगळ्यात जास्त काउचवर. सगळ्या बॉक्सचे गेज सारखे दिसत असतील तर ते बरोबर नाहीये.

ड्राय लाइन न बघता व्हॉल्व्हला हात लावणं

वायरवर माल चकचकीत ओला असतो आणि एका जागी चमक जाऊन मॅट दिसायला लागतो, ती ड्राय लाइन. मशीनवर फुकटात मिळणारं सगळ्यात चांगलं मीटर आहे ते. ती पहिल्या एक-दोन सक्शन बॉक्सच्या आसपास, रोज एकाच ठिकाणी, आणि डेकलभर (मशीनच्या पूर्ण रुंदीभर) सरळ असली पाहिजे. पुढे काउचकडे सरकली तर पाणी कमी निघतंय किंवा जास्त येतंय, मागे हेडबॉक्सकडे आली तर पल्प मोकळा (पाणी लवकर सोडणारा) झालाय किंवा जीएसएम (चौरस मीटरचं वजन) उतरलंय. पण सरकली किती यापेक्षा आकार बघा. एका जागी बोटासारखी लांब जीभ निघाली असेल तर तो व्हॅक्यूमचा प्रश्नच नाही, स्लाइसच्या (हेडबॉक्सच्या माल सोडणाऱ्या फटीच्या) ओठावर काहीतरी अडकलंय किंवा तिथे फॉइल घासून खाच पडलीय, आणि तुम्ही व्हॉल्व्ह फिरवला तर डेकलचा उरलेला चांगला भाग पण बिघडवाल.

भोक पडत असेल तर रीलवर टेप लावून दोन भोकांमधलं अंतर मोजा. वायरच्या लांबीच्या जवळपास येत असेल तर वायर बघा, एखाद्या रोलच्या घेराएवढं येत असेल तर तो रोल बघा, अंतराला काही मेळच नसेल तर स्लाइम (जंतूंचा बुळबुळीत थर) किंवा स्टिकीज (रद्दीतले डिंकासारखे चिकट कण). पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

जेट कुठे पडतोय ते न बघणं

हेडबॉक्सचा जेट (मालाची धार) फॉर्मिंग बोर्डच्या पुढच्या कडेवर पडला पाहिजे. बोर्डच्या फार आधी, ब्रेस्ट रोलकडे (वायरच्या सुरुवातीच्या रोलकडे) पडला तर पाणी धाडकन खाली जातं, म्हणजे परत तीच पहिल्या मीटरची घाई. बोर्डच्या वर फार पुढे पडला तर हवा अडकते, माल उडतो. आणि स्पीडचा हिशोब: ३०० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५ मीटर, त्याला हेडबॉक्समध्ये पाण्याचं हेड साधारण १.२७ मीटर लागतं. मशीनचा स्पीड वाढवला आणि हेड तसंच ठेवलं तर वायर जेटला ओढत नेते, धागे सगळे मशीनच्या दिशेला लांब पडतात. आपल्याकडचा क्राफ्ट शेवटी पेट्यांना जातो, रावेर-यावलची केळी ज्या पेटीत भरून कंटेनरला जाते तिच्यावर अजून पाच-सहा पेट्या चढतात, आणि आडव्या दिशेची ताकद नसेल तर खालची पेटी बसते. वायर आणि जेट अगदी एका स्पीडला पण ठेवू नका, मग धाग्यांचे पुंजके फुटत नाहीत आणि कागद उजेडात धरला की ढगाळ दिसतो. थोडासाच फरक, एक-दोन टक्के.

जाता जाता सांगतो, आपल्या खानदेशात एरंडोल आणि यावल ही जुनी कागदाची गावं, हाताने जाडाभरडा देशी कागद व्हायचा तिथे. हातकागदात साचा लगद्यात बुडवून आडवा उचलतात, हलकेच हलवतात आणि पाणी गळू देतात, ते हलवणं म्हणजे पुंजके फोडणं आणि गळू देणं म्हणजे ड्रेनेज. १७९९ मध्ये फ्रान्समध्ये रॉबेरने फिरत्या जाळीच्या मशीनचं पेटंट घेतलं तेव्हा त्याने हेच काम न थांबता करायला लावलं.

बीएफ कमी आला की रिफायनर दाबणं

लॅबमधून फोन येतो बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागदाची फुटायला विरोध करायची ताकद) कमी आहे, आणि रिफायनरचा (धागा कुटणाऱ्या मशीनचा) लोड वाढतो. धागा जास्त कुटला की तो फुलतो, बारीक चुरा वाढतो, एसआर (पल्प पाणी किती हळू सोडतो त्याचा आकडा) चढतो, पाणी धरून ठेवतो. मग वायरवर निघत नाही, प्रेसमध्ये ओला जातो आणि क्रश होतो, कागदावर ढगांसारखे फुटलेले डाग दिसतात, स्पीड उतरवावा लागतो. बीएफ आला पण टन गेले. रद्दीचा धागा आधीच चार-पाच वेळा कुटून आलेला असतो, त्याला अजून कुटून फार ताकद येत नाही, चुराच होतो. आधी रद्दीचं मिश्रण बघा, स्टार्च बघा, फॉर्मेशन बघा.

रिटेन्शन पॉलिमरचं (बारीक धागे वायरवर धरून ठेवणाऱ्या केमिकलचं) पण असंच, ड्रेनेज कमी म्हणून डोस वाढवत गेलं की सुरुवातीला ड्राय लाइन मागे येते आणि सगळे खुश होतात, पण गुठळ्या मोठ्या होतात आणि गुठळीच्या पोटात पाणी अडकून प्रेसला जातं.

आपलं हवामान विसरणं

हे खानदेशातल्या माणसांसाठी खास. पाणी २० अंशाला जेवढं चिकट असतं त्यापेक्षा ४० अंशाला एक तृतीयांशाने पातळ होतं. जानेवारीत शटनंतर थंड पल्पवर मशीन उचलली तर तोच माल, तोच एसआर, आणि वायरवर पाणी निघायला मागत नाही. लॅब म्हणते आमच्याकडे सगळं ठीक, आणि ते खोटं नाही बोलत, कारण एसआरची टेस्ट २० अंशाला करतात, मशीन कुठल्या तापमानाला चाललीय ते त्यात येतच नाही. थंडीत बॅक वॉटर गरम होईपर्यंत थोड्या कमी स्पीडला चालवा, पल्पला दोष देऊ नका.

मे महिन्यात उलटं. बाहेर ४५ अंश, पल्प मोकळा, वायरवर पाणी मस्त निघतं, पण व्हॅक्यूम पडतो. व्हॅक्यूम देणाऱ्या लिक्विड रिंग पंपात पाण्याच्या कड्यानेच सील होतं, ते सीलचं पाणी तापलं की ते आतच वाफ व्हायला लागतं आणि ती वाफ पंपाची जागा खाते. पाण्याचा बाष्पदाब २५ अंशाला २४ मिलिमीटर मर्क्युरी असतो, ४० ला ५५. पंप दुरुस्तीला काढायच्या आधी सीलच्या पाण्यात थर्मामीटर घाला. ताजं बोअरचं पाणी आधी पंपाला द्या आणि तिथून निघालेलं शॉवरला वापरा.

ड्रॉप लेग, म्हणजे सेपरेटरमधून (हवा आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीतून) खाली सील पिटमध्ये (पाण्याच्या खड्ड्यात) बुडवलेला पाइप, तो पण बघा. २५० मिलिमीटर व्हॅक्यूमला त्या पायपात पाणी ३.४ मीटर वर उभं राहतं, सेपरेटर त्याच्यापेक्षा खाली बसवला असेल तर पाणी सरळ पंपात जाणार. आणि सील पिटमधली लेव्हल पायपाच्या तोंडाखाली गेली की हवा ओढली जाते. एवढंच.

वायर थांबली आणि शॉवर चालू राहिला

हे माझ्यासमोर झालं आणि अजून वाईट वाटतं. कागद तुटला, वायर थांबवली, सगळे प्रेसकडे पळाले, हाय प्रेशर शॉवर कोणी बंद केला नाही. दहा मिनिटांनी वायर फिरवली तर डेकलभर एकेका नोझलच्या जागी आडव्या ओळीत ठिपके, जवळ जाऊन बघितलं तर पॉलिएस्टरचे धागे तिथे केसाळ झालेले, कापूस पिंजल्यासारखे. नवी वायर होती, महिना पण झाला नव्हता, उतरवावी लागली. वायर थांबली की शॉवर आपोआप बंद होईल असा इंटरलॉक लावून घ्या, इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे.

शॉवरचं सरकणं बंद पडलं तरी तेच, वायरवर उभ्या रेषा पडतात. नोझल एक मिलिमीटरचं असेल तर वायरच्या एका फेरीत शॉवर एक मिलिमीटर सरकला पाहिजे. २४ मीटरची वायर ३०० च्या स्पीडला ४.८ सेकंदात एक फेरी मारते, म्हणजे मिनिटाला साडेबारा मिलिमीटर. स्केल आणि घड्याळ घेऊन एकदा मोजा, बऱ्याच ठिकाणी हे कधीच मोजलेलं नसतं.

काउचचा नमुना कागद तुटला की लगेच घ्या, वायर चालू असताना हात निपजवळ (दोन रोल भिडतात तिथे) नेऊ नका, माल पडतो तिथून खालून घ्या. वजन करा, ओव्हनला वाळवा, परत वजन करा. चांगल्या दिवशी पण घ्या आणि लॉगबुकात त्याच्या शेजारी पल्पचं तापमान, एसआर, प्रत्येक बॉक्सचा व्हॅक्यूम, वायरचे अँपिअर आणि ड्राय लाइन कितव्या बॉक्सवर होती ते लिहा, म्हणजे पुढच्या वेळी रात्री अडीचला काय बदललंय ते समोरच दिसेल.