लायकिपियाला स्वयंसेवक म्हणून निघताना: तयारीची यादी

बॅग काढण्याआधी वन्यजीवांचा प्रकल्प तपासा. सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायला मिळेल, मांडीवर घेऊन फोटो काढता येईल अशी जाहिरात असेल तर पुढे वाचूच नका. दक्षिण आफ्रिकेत अशी हाताळून मोठी केलेली पिल्लं शेवटी कुंपणातल्या शिकारीला आणि हाडांच्या व्यापाराला जात होती. हा धंदा बंद करायचं धोरण तिथल्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं. केनियात शिकारीवर १९७७ पासूनच बंदी आहे, आणि ही यादी केनियाचीच आहे: नैरोबीच्या उत्तरेला दोनेकशे किलोमीटरवर, नन्युकीच्या आसपास पसरलेल्या लायकिपिया पठाराची. शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंडा माद्या, नाजिन आणि फातू, इथल्याच ओल पेजेटा अभयारण्यात आहेत. त्यांच्या सेवेला आपल्याला लावतील असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. स्वयंसेवकाच्या वाट्याला येतं ते प्राण्यांचे फोटो क्रमाने लावणं, आकडे भरणं, निवडुंग उपटणं आणि गाडी धुणं. हे वाचून उत्साह टिकला तर जा.

प्रकल्पाला पत्र लिहून दोन गोष्टी स्पष्ट विचारा: आपण दिलेले पैसे कशावर खर्च होतात, आणि कामाचा परवाना कोण काढणार. जानेवारी २०२४ पासून केनियात व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, काढावा लागतो. तो पर्यटनासाठी काढला असेल तर त्यावर काम करता येत नाही, मग ते बिनपगारी का असेना. ‘इकडे आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरा प्रकल्प शोधा.

तिकिटाच्या मागोमाग यलो फीवरची लस. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते, आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो. अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. याची खरी गरज परतताना पडते: ते पिवळं कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. धनुर्वात, टायफॉइड आणि रेबीजच्या लसींचंही त्याच फेरीत विचारून घ्या. लायकिपियात मलेरियाचा धोका कमी आहे, पण सुट्टीत मोंबासाला किंवा व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणार असाल तर गोळ्या लागतील. विमा घेताना त्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. माळरानावर पाय मोडला तर मोठं हॉस्पिटल नैरोबीतच.

आता बॅग. बूट जाड तळव्याचेच हवेत, कारण बाभळीचा काटा साध्या स्पोर्ट्स शूजमधून आरपार जातो. पठाराचा बराच भाग काळ्या मातीचा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको, पाऊस पडला की एकेका बुटाला किलोभर चिखल. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. याच काळ्या मातीत एक ठेंगणी बाभूळ वाढते. तिच्या काट्यांच्या बुडाशी फुगीर, पोकळ गाठी असतात आणि गाठीत मुंग्या राहतात. फांदीला बाही घासली की क्षणात मुंग्या मनगटावर. हत्तीसुद्धा या मुंग्यांमुळे ते झाड टाळतो. पण बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांनी काही भागांत या मूळच्या मुंग्या संपवल्या. मग हत्तींनी झाडं मोडली, सिंहांना दबा धरायला आडोसा उरला नाही, आणि झेब्रे कमी मिळू लागल्याने सिंह रानम्हशींकडे वळले. ओल पेजेटातला हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून निघताना बूट घासून धुवा, बॅगेचे कप्पे झटका. घरची माती आणि बिया घरीच राहू देत.

कपडे खाकी, मातकट, पूर्ण बाह्यांचे. लष्करी छापाचं काही नको. पहाटेच्या उघड्या गाडीसाठी जाड जॅकेट, दुपारसाठी रुंद काठाची टोपी. अंधार साडेसहा-सातच्या सुमारास एकदम पडतो, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी. चामड्याचे हातमोजे आणि चिमटा विसरू नका: इथे फड्या निवडुंग बेसुमार माजलाय, आणि त्याची कुसं एकदा बोटात गेली की दोन दिवस सलतात.

कॅमेरा असेल तर घड्याळ केनियाच्या वेळेवर लावा, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास मागे. ग्रेव्हीज झेब्रे जगात तीन हजारांच्या आसपास उरलेत, बहुतेक केनियातच. त्यांची गणती फोटोवरून होते, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे. फोटो उजव्या कुशीचाच लागतो. डाव्या बाजूचा कितीही सुंदर आला तरी गणतीत धरत नाहीत. गेंड्यांचे फोटो काढताना फोनमधलं लोकेशन बंद ठेवा आणि जागेचं नाव कुठेही टाकू नका. शिकारी टोळ्यांनाही इंटरनेट वापरता येतं. ड्रोन घरीच ठेवा. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर घ्या, आपली गोल पिन तिथे बसत नाही.

चिवडा, चकल्या, मेतकूट खुशाल न्या, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यात दंडाबरोबर तुरुंगही आहे. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली घ्या. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत: उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा), सुकुमा विकीची पालेभाजी, मका आणि घेवड्याची गिथेरी, शिवाय चपाती आणि चहा सगळीकडे.

निघायच्या दिवशी खिसे आणि बॅग पुन्हा बघा. वाटेत उचललेला साळिंदराचा काटा, पीस, हाडाचा तुकडा तिथेच ठेवा. परवान्याशिवाय असं काही जवळ बाळगणं केनियात गुन्हा आहे. पिवळं कार्ड मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टबरोबर हाताशी ठेवा.