कामावर जात दारू सोडायची तर

माप घ्यायचा व्हर्नियर लावला की त्याचे जबडे जॉबवर, म्हणजे मशीनवरच्या तुकड्यावर, टकटक वाजायचे, इतका हात थरथरायचा. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर आहे. सकाळी आठला शॉप उघडायच्या आधी नव्वद मिली पोटात गेली तरच रीडिंग सरळ यायचं. त्याला मी ‘हात बसवणं’ म्हणायचो. आता सात वर्षं झाली, हात तसाच बसतो. या सगळ्यात मी भरती कुठंच झालो नाही. केस पेपर, गोळ्या, समुपदेशन आणि गुरुवारची मीटिंग, एवढ्यावर भागलं. मधे एकदा पाय घसरला, ते शेवटी सांगतो. ज्याला महिनाभर घर आणि कामधंदा सोडून केंद्रात राहणं जमत नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी काय करू नका ते. रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात, स्वतःच्या मनानं दारू बंद करू नये. माझी पहिली खेप माळ घालून झाली. मामांनी पंढरपूरहून माळ आणली, गळ्यात घातली, त्याच रात्री बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. त्या रात्री जेवायला बसलो आणि ताटावरच फिट आली. जीभ चावली गेली, आमटी सगळीकडं. यात माळेचा काही दोष नाही. वर्षानुवर्षं दारू मेंदूला ब्रेक लावत असते, म्हणून मेंदू तेवढाच जोरात अॅक्सिलरेटर दाबून चालायला शिकतो. ब्रेक अचानक काढला की गाडी सुसाट सुटते. फिट बहुतेक वेळा शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत येते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत काहींना भास सुरू होतात, अंगावर किडे दिसतात, ताप चढतो, आपण कुठं आहोत ते कळत नाही. यात माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टरांना भेटेपर्यंत एकदम शून्यावर येऊ नका. भेट लांबवूही नका.

जायच्या आदल्या रात्री कागदावर हिशेब मांडा. ‘थोडी घेतो’ हे माप नव्हे. डॉक्टर लोक दहा ग्रॅम अल्कोहोलला एक ड्रिंक धरतात. 180 मिलीच्या क्वार्टरमधे, बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असेल तर, साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे एक क्वार्टर ही सहा ड्रिंक झाली. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, 650 मिलीची बाटली, म्हणजे चार. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार जरूर करावा. त्याच कागदावर शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, झोपेच्या गोळ्या घेता का, तेही लिहा. आणि घरचं एक माणूस बरोबर न्या. मी डॉक्टरांना ‘रोज एक क्वार्टर’ सांगितलं, तर शेजारून बायको म्हणाली, ‘एक न्हवं, दोन. बाटल्या मी मोजतो.’ आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मोजतो’च म्हणतात. डॉक्टरांनी माझा आकडा खोडून तिचा लिहिला, आणि गोळ्यांचा डोस त्यावर ठरला. मी खोटं बोलून गेलो असतो तर डोस कमी पडला असता.

जायचं कुठं? सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. वार आणि वेळ आधी विचारून सकाळी लवकर जा, केस पेपर काढा. खासगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. पाय उचलत नसेल तर आधी फोन करा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. दोन्ही फुकट. रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही भीती मलाही होती, आणि भेटलाच, आमच्या तालमीतला. दोघांनीही खाली बघितलं. मग तोच म्हणाला, ‘चहा घेतलास?’

पहिल्या भेटीत बीपी, नाडी, हातांची थरथर बघतात, लिव्हरच्या आणि रक्ताच्या तपासण्या सांगतात. ओपीडीवर भागेल की भरती लागेल, हे डॉक्टर ठरवतात. पूर्वी फिट आली असेल, भास झाले असतील, काविळ किंवा हृदयाचा आजार असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा घरी लक्ष ठेवायला कुणीच नसेल, तर भरतीच योग्य. मला फिट येऊन गेलेली असल्यानं डॉक्टर भरतीच सांगत होते. मी अडून बसलो. शेवटी पहिले पाच दिवस रोज दाखवायला यायचं आणि बायकोनं रजा काढून घरी थांबायचं, या अटीवर त्यांनी सोडलं. बायको म्हणाली, ‘मी थांबतो.’ मी केलं ते शहाणपण होतं असं मात्र धरू नका. भरती सांगितली तर व्हा.

पहिला आठवडा रजा टाकाच. थरथर आणि फिट रोखायला झोपेच्या जातीच्या गोळ्या देतात, त्या रोज थोड्या थोड्या कमी करत आठवडा-दहा दिवसांत बंद करायच्या असतात. त्या घेऊन मशीनवर उभं राहायचं नाही, मोटरसायकलला किक मारायची नाही, आणि वरून दारू तर अजिबात नाही, श्वास बंद पडू शकतो. डबा बायकोच्या ताब्यात. सोबत बी-वन जीवनसत्त्व देतात. ते किरकोळ टॉनिक समजून टाळू नका, दारूनं ते शरीरातून संपलेलं असतं आणि त्याच्या कमतरतेनं स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मी चार दिवस पेज, ताक आणि मऊ भातावर काढले. तांबडा रस्सा आठव्या दिवशी.

थरथर थांबली की माणसाला वाटतं, झालं, सुटली. शरीराचं काम तिथं संपतं, तलफेचं सुरू होतं. त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. नालट्रेक्सोननं पिण्याची मजा आणि ओढ कमी होते. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावी लागते आणि आधी किडनी तपासावी लागते. तिसरी डायसल्फिराम, जिच्यावर दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. ही रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते, आणि शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंही तेवढा काळ चालत नाहीत.

‘त्यांच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पुडी आमच्या घरातही आली होती. दीड हजार रुपये. बायकोनं ती आमटीत घातली, मी बाहेरून पिऊन आलो होतो. अर्ध्या तासात कानशिलं तापली, छातीत हातोडा बसल्यासारखं व्हायला लागलं. रिक्षात घालून नेलं. पुडीत काय होतं ते कधीच कळलं नाही. बायको पुढं कितीतरी दिवस माझ्या ताटात वाढताना हात आखडायची. पुडीवाल्यानं पैसे घेतले आणि घरातला एकमेकांवरचा भरवसाही नेला. पुडी आणू नका.

आता समुपदेशन. तिथं उपदेश मिळणार असं मी धरून गेलो होतो. मॅडमनी शंभर पानी वही काढायला सांगितली. पाच रकाने: किती वाजता, कुठं, कोण होतं, तलफ दहापैकी किती, मग काय केलं. दर आठवड्याला वही उघडून त्या पहिल्या रकान्यावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, ‘किती वाजता?’ मला राग यायचा. मी बापाबद्दल, कर्जाबद्दल सांगायला जावं आणि या बाईंचं आपलं घड्याळ. तिसऱ्या आठवड्यात वहीनंच उत्तर दिलं. चौदापैकी अकरा नोंदी संध्याकाळी सहा चाळीस ते सव्वासातच्या. शॉप सुटल्यावर हात धुऊन मी एका ठरावीक कोपऱ्यावरून जायचो. दुपारी एकला जेवलेलो, पोट रिकामं, अंगात थकवा, खिशात पैसे. मॅडम म्हणाल्या, यातली अर्धी तलफ भुकेची आहे. मग ठरलं ते असं: सव्वासहाला शॉपमधेच मूठभर भडंग आणि चहा, पाकीट घरी, जाताना तो कोपरा नाही, मागची गल्ली. सात आणि आठ आकड्यांच्या तलफा महिन्याभरात तीन-चारवर आल्या.

तलफ उसळली तर ती साधारण अर्ध्या तासात ओसरते, हे घड्याळ लावून बघा. तेवढा वेळ पाणी प्या, कुणाला तरी फोन करा, चालायला लागा. मी रंकाळ्याच्या कडेनं चालायचो. भेटी सुरुवातीला आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. वर्षभर तरी सोडू नका. बरं वाटतंय म्हणून भेट चुकवाल, तर वहीत ती चुकवल्याचीही नोंद करा.

गुरुवारची मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, दारू सोडलेल्या आणि सोडू बघणाऱ्यांच्या गटाची. तिला फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दोन मीटिंगांत मी भिंतीकडं बघत बसलो, तेही चालतं. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. बायको तिथं जायला लागल्यापासून माझं तोंड हुंगणं तिनं बंद केलं, आणि मला त्याचा गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग झाला असं मी म्हणेन. डॉक्टर मान्य करणार नाहीत.

कॅलेंडरवर गटारी अमावस्या, पगाराचा दिवस आणि भावकीतली लग्नं लाल पेनानं गोल करून ठेवा, त्या दिवशी कुठं असणार हे आधी ठरवा. ‘एका पेगनं काय होतंय’ म्हणणाऱ्याला तत्त्वज्ञान सांगू नका. ‘गोळी चालू आहे, घेतली तर दवाखान्यात न्यायला तूच येशील’ एवढं पुरतं.

दारूशिवायच्या व्यसनांना रीत थोडी बदलते. गांजासाठी मुख्य भर समुपदेशनावरच. अफूच्या जातीच्या नशेला ब्युप्रेनॉर्फिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत देतात. तंबाखू-मिश्रीसाठी 1800-11-2356 ही क्विटलाइन आहे. माझी तंबाखू अजून सुटलेली नाही, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही.

चौदा महिने कोरडे गेले आणि मावसभावाच्या पोराच्या बारशाला मी प्यायलो. वही घरी होती. सकाळी उठलो तर वाटलं, सगळं पाण्यात गेलं, आता कशाला तोंड दाखवायचं. हाच दिवस सगळ्यात धोक्याचा, कारण एका रात्रीची घसरण इथंच महिन्याची होते. बायकोनं काही न बोलता केस पेपर पिशवीत टाकला. मी मॅडमसमोर बसलो, मान वर होत नव्हती. त्यांनी वहीचं नवीन पान उघडलं, वर तारीख घातली. मी सात वर्षं मोजतो ती त्या तारखेपासून. पेन पहिल्या रकान्यावर ठेवून त्यांनी विचारलं, ‘किती वाजता?’