सातपुड्यात कॅमेरा घेऊन जायचंय?

डोंगरदऱ्यांतल्या लोकांचे फोटो काढून त्यावरच पोट भरायचं, असं मनात असलेली मुलं भेटली की तोंडी लडाख नाहीतर नागालँड असतं. मी त्यांना नंदुरबारचं तिकीट काढायला सांगतो. सुरत-भुसावळ मार्गावर उतरायचं, एसटीने धडगाव नाहीतर मोलगी गाठायचं, पुढे जीप आणि शेवटी पाय. खिशाला परवडतं म्हणून त्याच पाड्यावर पुन्हा पुन्हा जाता येतं, आणि या कामात तेच लागतं. वयस्क माणसं पावरी किंवा भिलीच बोलतात, तेव्हा गावातला एखादा शिकलेला मुलगा सोबत घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. त्याआधी पोलीस पाटील आणि कारभाऱ्याला भेटून का आलोय ते सांगायचं.

काठी गावच्या होळीला सगळेच जातात, तुम्हीही जाल. होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर ढोल आणि नाच. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसं, कमरेला सुके भोपळे असे बुध्या, म्हणजे नवसाचे नाचे, समोर नाचत असतात. ३५ एमएमची लेन्स, तिचं छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे, शटर १/२५० च्या आसपास, आणि एक्स्पोजर ज्वाळेवर नाही, चेहऱ्यावर. फ्लॅश बॅगेतच राहू द्या. हे लोक पाळणी, म्हणजे होळीचं व्रत, पाळत असतात: खाटेवर बसत नाहीत, स्पर्श टाळतात. गळ्यात हात टाकून सेल्फी घेणारे पाहिले की मला लाज वाटते.

खरं काम होळीच्या गर्दीबाहेर आहे. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत मोहाखाली टोपल्या घेऊन बायका-पोरं फुलं वेचतात, त्या उजेडाला तोड नाही. दिवाळीनंतर गेलात तर बऱ्याच घरांना कडी दिसेल. माणसं गुजरातला ऊसतोडीला गेलेली असतात. बंद घरांचाही फोटो काढा.

ओळख कशी होते? माझी पासपोर्ट फोटोंनी झाली. बँकेचं खातं, जातीचा दाखला, पोरांचा शाळेचा फॉर्म, सगळ्याला फोटो लागतो आणि स्टुडिओ तालुक्याला. कुडाच्या भिंतीवर पांढरी चादर लावायची, माणूस सावलीत बसवायचा, पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन द्यायचे. एका आजींचा सुरकुत्यांचा कृष्णधवल क्लोजअप मी हौसेने मोठा करून नेला होता. त्यांनी तो उलटा ठेवला आणि आत जाऊन चांदीचे दागिने घालून आल्या. अंगणात ताठ उभ्या राहिल्या, पाय दिसले पाहिजेत म्हणाल्या. स्पर्धेत असला फोटो पहिल्याच फेरीत बाद होईल, पण त्यांच्या घरात तो भिंतीवर आहे. दोन्ही काढायचे, आधी त्यांचा, मग आपला.

फोटोखालच्या ओळी लिहिताना जपा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला 'जोडीदार पळवून नेण्याचा बाजार' म्हणणारे मथळे तिथल्या तरुणांना झोंबतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तो सणाच्या खरेदीचा हाट आहे. गाव, जमात, सण विचारूनच लिहा. सरसकट 'आदिवासी महिला' हा आळस झाला.

आता पैसे. निव्वळ प्रवासी फोटोग्राफीवर घर चालवणारे मला फार भेटलेले नाहीत. लग्नं, संस्थांची कामं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, पुरवण्यांतले फोटोलेख, असं जोडून-जोडून चालतं. रीतसर शिकायचं तर जे. जे. उपयोजित कला संस्था आहे, एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) फोटोग्राफीचा अभ्यासक्रमही आहे. जाहिरातीसाठी फोटो विकायचा असेल तर त्या माणसाची लेखी संमती हवी, ती त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवून, आणि मिळालेल्या पैशातला वाटा आधीच ठरवून. लहान मुलांचे फोटो मी विकत नाही. प्रिंटचा खर्च मात्र पहिल्यापासून प्रवासखर्चातच धरा.